पाण्याखालचा पहारा

पन्नाशी उलटल्यावर समुद्रात बुड्या मारायला शिकावं असं इन्साफबाईंचं काही अडलं नव्हतं. पण मुलीचं लग्न ठरलं की आईला काय काय करावं लागेल, ते कुणी सांगावं! रुवैदाचा साखरपुडा झाला तो हातिमशी, आणि हा हातिम समुद्रकाठच्या कुसैर गावी लोकांना समुद्राखाली फिरवून आणायचं काम करणारा. होणाऱ्या बायकोनं आपला समुद्र आतून बघावा, एवढा एकच ध्यास त्यानं घेतला होता. रुवैदाचे वडील कुवेतला नोकरीत. त्यांनी फोनवरून बजावलं, "निकाह व्हायच्या आत पोरीला त्याच्याबरोबर एकटं सोडायचं नाही."

"अहो, पण ती दोघं पाण्याखाली जाणार आहेत!"

"मग तर मुळीच नाही."

झालं. दमन्हूर गावातल्या आपल्या पडदे शिवायच्या दुकानाला कुलूप ठोकून बाई मुलीबरोबर कुसैरला आल्या आणि दोघी शिकायला लागल्या. पहिल्या दिवशी तो रबरी सूट बाईंच्या अंगात चढवायला दोन बायका लागल्या. नाकातोंडात पाणी गेलं, कान ठणकले, पण मागे हटतील तर त्या बाई कसल्या? आठवड्याच्या शेवटी दोघींना नवशिक्यांचं कार्ड मिळालं, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या शेजारणींचे फोन आले. "आई असावी तर अशी!" बाई फुगल्या. खरं म्हणजे पाण्याखाली त्यांचा जीव सतत मुठीत असे. पण एवढं कौतुक झाल्यावर ते सांगायचं कुणाला?

त्या दुपारी जेवताना हातिमनं विषय काढला. सोबत त्याचे वस्ताद कॅप्टन शाझली होते, ज्यांच्या हाताखाली तो काम करायचा.

"उद्या शेवटचा दिवस, मावशी. एक तर बुडालेलं जहाज बघू, नाहीतर गुहा. जहाज वाळूवर आडवं पडलंय. आत शिरायचं नाही, बाहेरूनच फेरी मारायची. पण बोटीनं लांब जावं लागतं आणि तिथं पाण्याला ओढ असते. गुहा अगदी किनाऱ्यालगत, पाणी संथ, उजेड दिसत राहतो. फक्त डोक्यावर खडक असतो. घाबरलं तरी सरळ वर येता येत नाही. आलो त्याच वाटेनं परत फिरायचं."

कॅप्टन शाझली भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "ठरवायचं दोघींनी. दोन्ही नको म्हणालात तरी आमचं काही बिघडत नाही."

"आई म्हणेल ते," रुवैदा म्हणाली आणि आईकडे बघत राहिली.

इथंच बाईंचं चुकलं. त्यांना वाटलं, पोरीला जायचंय आणि आपण मोडता घालू म्हणून ती अशी बघतेय. त्या हसून म्हणाल्या, "मला काय, गुहा काय नि जहाज काय! मी कुठं नाही म्हणतेय?"

रुवैदानं मान खाली घातली आणि ताटातला मासा चिवडत बसली.

"वा मावशी!" हातिम खूश. "मग गुहाच! माझे दोघे मित्र कॅमेरा घेऊन येतील. वरच्या बारीक फटींतून आत उन्हाचे पट्टे पडतात. त्यात आमचा दोघांचा फोटो काढू आणि लग्नाच्या हॉलमध्ये हा एवढा मोठा लावू!"

सकाळी किनाऱ्यावरच्या खोलीत दोघी सूट चढवत होत्या. रुवैदाला पाठीवरची चेन काही ओढता येईना. बाईंनी मदतीला तिचा हात धरला तर तो गार पडलेला.

"अगं, काय हे! बरं नाही का वाटत?"

रुवैदाचा बांधच फुटला. "आई, तू नाही का म्हणाली नाहीस गं?"

"म्हणजे?"

"इतके दिवस वाट बघतेय मी! सहलीला नाही, मैत्रिणीकडे राहायला नाही, केस कापायला नाही. जन्मभर सगळ्याला नाहीच म्हणत आलीस. मला काही नको असलं की मी सांगून मोकळी व्हायची, आई सोडत नाही. कुणी रागवायचं नाही, माझीही लाज राहायची. आणि नेमकं आत्ताच तुला शूर व्हायचं सुचलं!"

बाईंना हसावं की एक ठेवून द्यावी, कळेना. "अगं मेले, तुला तोंड नाही होय?"

"त्याला काय सांगू? तुझी बायको भित्री आहे म्हणून? त्याचा सगळा जन्म पाण्यात गेलाय."

पदर खोचायला पदर नव्हता, म्हणून बाईंनी सुटाच्या बाह्या वर ओढल्या आणि तरातरा बाहेर आल्या.

"फोटोबिटो काही नाही!" त्यांचा आवाज साऱ्या किनाऱ्यानं ऐकला. "माझी पोर कुठल्या बिळात शिरणार नाही. आणि जहाजाचंही नाव काढायचं नाही!"

हातिम बघतच राहिला. "पण मावशी, काल तर तुम्ही…"

"कालचं काल. मला वाईट स्वप्न पडलं."

कॅमेरावाल्या मित्रांना आयतं सापडलं. एक म्हणाला, "हातिम, आत्ताच ही गत! लग्नानंतर सासूबाई पलंगाखाली पहारा देतील बघ!"

सगळे खो खो हसले. हसेनात का! वाईटपणा घ्यायची बाईंना जन्माची सवय होती. पोर सुटली, बस्स, असं म्हणून त्यांनी श्वास सोडला. पण तो पुरता सोडूनही झाला नव्हता, तोच त्यांच्या मनात आलं, आज मी आहे. उद्या ही इथं नांदायला येईल, मी तिकडे पडदे शिवत बसेन. मग हिच्या वतीनं नाही कोण म्हणणार?

रुवैदा दारात उभी होती. बाई वळल्या. "ये, अशी पुढं ये. मला म्हणायचं ते मी म्हटलं. आता तुझं तू सांग."

रुवैदानं आईकडे असं पाहिलं की बाईंना वाटलं, घालावं हिला पाठीशी परत. पण त्या हलल्या नाहीत.

"हातिम," रुवैदाचा आवाज कापत होता, "आईला स्वप्न वगैरे काही पडलेलं नाही. भीती मला वाटतेय. डोक्यावर खडक नको मला. जहाजही नको."

तो मित्र पुन्हा फिसकन हसला.

"गप रे!" हातिम त्याच्यावर खेकसला. त्याचं तोंड लाल झालं होतं. बाईंची नजर त्या तोंडावरून हटेना. आता ह्या तोंडावर राग दिसतो, तुच्छता दिसते की आणखी काही, त्यावर पोरीचा जन्म जायचा होता. या अल्लाह, त्या मनात म्हणाल्या, नसेल हा बरा तर आत्ताच कळू दे.

हातिम एका पालथ्या क्रेटवर बसला. "कधीपासून वाटतेय भीती?"

"पहिल्या दिवसापासून."

"सगळ्याच पाण्याची?"

"नाही रे. उथळ पाणी आवडतं मला. वर बघितलं की उजेड असतो."

हातिमनं हातानं दाखवलं. "तिकडे पाण्यातल्या गवतात कासवं चरायला येतात. दोन पुरुष खोल पाणी असेल फार तर. येशील?"

"येईन. पण तुझा फोटो?"

"कासवाचा काढू. हॉलमध्ये तोच लावू, काय बिघडलं?" ती हसली, तोही हसला. मग तो एकदम गंभीर झाला. "पण रुवैदा, पुढच्या वेळी आधी मला सांग. आईला नंतर."

बाईंच्या काळजात बारीकशी कळ उठली. आणि तिच्या मागोमाग फार हलकं वाटलं. त्या वाळूतच बसल्या. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. अल्हम्दुलिल्लाह! पोर बोलली, आणि त्यानं ऐकलं.

"कॅप्टन, तुम्ही जाताय ना यांच्याबरोबर?" त्यांनी विचारलं.

"जातो की."

"मग जा. मी नाही येत."

"आई! आणि बाबांनी विचारलं तर?" रुवैदा ओरडली.

"त्यांना म्हणावं, एवढंच असेल तर कुवेतहून या आणि शिरा पाण्यात!" बाईंनी चेनची दोरी खस्सकन ओढली. "मला नव्हतंच कधी आवडलं ते. नळीतून श्वास घ्यायचा, आणि काय तो घुर्र घुर्र आवाज! बायांनो, कुणीतरी सोडवा गं मला ह्यातून!"

तिघं पाण्याकडे निघाली. बाईंनी सूट सोलून काढला, अंगात आपला सैल झगा घातला आणि पाय पसरून बसल्या. मागच्या टपरीवर गरम तामिया, वाटल्या डाळीचे वडे, तळत होते. त्या वासानं बाईंना आठवड्यात पहिल्यांदाच कडकडून भूक लागली.