दोन अंगठ्यांचा हातमोजा

पोटच्या पोरीने आईवर पुस्तक लिहावं आणि ते आईला पोस्टाने पाठवावं, ही कुठली रीत? हाल्बेराने ते बाड टेबलावर आपटलं तशी ग्रिमुरच्या कपातली कॉफी बशीत सांडली.

"रेक्याविकला राहून पोरीचे पाय झडले वाटतं," ती म्हणाली. "दोनशे पानं! काय करू याचं, चूल पेटवू?"

ग्रिमुर तिचा दीर. भाऊ समुद्रात गेल्यापासून बावीस वर्षं या बेटावरची होडी तोच वल्हवत होता आणि वहिनीची बोलणीही तोच खात होता. "सोबत चिठ्ठी आहे ना," तो बशीतली कॉफी भुरकत म्हणाला.

चिठ्ठी होती. फिरते मास्तर हिवाळ्यात सहा आठवडे येत, तेवढीच हाल्बेराची शाळा. तीन ओळी वाचायला तिची सकाळ गेली होती. 'आई, यात तू आहेस. तू नको म्हणालीस तर छापणार नाही. सोलरून.'

"तिला कळवा," हाल्बेरा म्हणाली. "म्हणावं, या घरात एक जण वाचतो आणि बाकीचे हात चालवत ऐकतात. स्वतः ये आणि वाच."

म्हणून सप्टेंबरात सोलरून आली. त्या दिवशी हवा अगदी पडलेली होती आणि समोरची बेटं पाण्यापासून सुटून बोटभर वर तरंगल्यासारखी दिसत होती. पिसांच्या खोलीत शेगडी पेटली होती. वसंतात आयडर बदकिणी या बेटावर येत, छातीचं पीस उपटून अंड्यांखाली अंथरत. हाल्बेरा त्यातलं थोडं घेई, थोडं ठेवी, आणि घेतलं तिथे वाळलं गवत खोची. तिच्या सासूचीही तीच रीत, सासूच्या सासूचीही. मग शरदात ते पीस तारांच्या चौकटीवर घासायचं. कचरा खाली गळतो, पीस वर राहतं, आणि तारा आपल्याशीच गुणगुणत राहतात.

सोलरून वाचू लागली. एकतीस वर्षांची बाई, पण वाचताना आवाज तोच, नऊ वर्षांच्या पोरीचा. हाल्बेराच्या हाताखाली तारा गुणगुणत होत्या, खोलीभर पिसं तरंगत होती, आणि तिला वाटलं, दाराशी कुणीतरी ओले बूट काढतंय. तिने मान वळवली नाही. वळवली की ते नाहीसं होतं, हे तिला ठाऊक होतं.

"'आईने मुलीला कधी मांडीवर घेतलं नाही,'" सोलरूनने वाचलं आणि थांबली.

"मग? तू काय लोकरीचा गुंडा होतीस? वाच पुढे."

जाळं शिवता शिवता ग्रिमुर खुसखुसला.

"'बाबा गेले त्या वसंतात आईने एकाही घरट्यात पीस ठेवलं नाही. गवतही नाही. अंडी नुसत्या दगडावर पडली होती.'"

तारा गप्प झाल्या.

"खोटं," हाल्बेरा म्हणाली. "मी तुला बदडलं लिही. तुझ्या बापासाठी टिपूस गाळलं नाही लिही. पण उघडं घरटं? आसपासच्या बेटांवरच्या बायका वाचतील हे! नाही छापायचं."

सोलरूनने वाद घातला नाही. "बरं," एवढंच म्हणून ती पानं गोळा करू लागली, पण ती काही केल्या सरळ होईनात.

"वहिनी," ग्रिमुर जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, "त्या वर्षी पिसांची पोती मीच होडीत भरली. दुप्पट होती."

हाल्बेराने चौकटीवर नवं पीस ओढलं. तो वसंत तिला पाण्याखालून पाहिल्यासारखा आठवायचा, पांढरा आणि मुका. आपले हात त्यात काय करत होते, तिला खरंच माहीत नव्हतं.

"पुढचं वाच," ती म्हणाली.

"'मुलगी आईच्या मागून गेली. आपल्या गादीतलं गवत काढून तिने एकेका घरट्यात खोचलं. शेवटच्या घरट्याशी गवत संपलं. तिथे तिने बाबांचा हातमोजा ठेवला. बदकिणीच्या पंखाखालून त्याचा एकच अंगठा दिसत राहिला. बाबा निघाले त्या पहाटे आई गोठ्यात होती. ते जाऊ नयेत म्हणून मुलीने तो मोजा उशीखाली लपवला होता. बाबा एका उघड्या हाताने गेले.'"

हाल्बेरा उठून खिडकीशी गेली. तिच्या नवऱ्याला, ओद्दुरला, समुद्राने परत दिलं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात, पाखरं उडून गेल्यावर, शेवटच्या घरट्यात तिला त्याचा हातमोजा सापडला होता. तिला वाटलं, माणूस समुद्रातून वर आला, पाखराला ऊब दिली आणि गेला. तिने कुणाला सांगितलं नाही. बावीस हिवाळे ती त्या मोज्यात हात घालून झोपली.

बाहेर वारा सुटला. तरंगणारी बेटं एकेक करून पाण्यावर टेकली.

ती आतल्या खोलीत गेली, पेटी उघडली, आणि हातमोजा आणून लेकीच्या मांडीवरच्या पानांवर ठेवला. त्याला अजून एक पीस चिकटलेलं होतं.

सोलरून बघतच राहिली. "हा तुझ्याकडे होता? आई, त्यांचा हात उघडा..."

"गप. होडीच्या पेटीत तीन जोड असायचे, मी विणलेले. तुझ्या बापाचा हात गारठला नव्हता. बोट बुडवायला वादळ लागतं, नऊ वर्षांची पोर नाही."

सोलरूनने मोजा तोंडाशी धरला. हाल्बेराने तिला रडू दिलं, मग तिच्या केसातलं पीस उचललं आणि हात तिथेच राहू दिला.

"ऐक. वागलीस तू वाईटच. आईला पोस्टाने पाठवलंस, हे मी मरेपर्यंत बोलून दाखवणार. मी घरटी उघडी टाकली, ते राहू दे, खरं आहे. पण मोज्याला एकच अंगठा? शहरातल्यांना कळणार नाही म्हणून? दर्यावरच्या मोज्याला दोन असतात, एक बाजू भिजली की फिरवून घालायला. हे बघ, दोन. दुसरा अंगठा लिही, आणि छाप."