खडूच्या खुणांवर रंग

ठोकेमास्तर आगबोटीच्या पोटात उतरला आणि बॉयलर बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल संध्याकाळी त्याने पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट हातोडीने ठोकून, ढिल्या रिव्हेटांभोवती खडूने गोल काढले होते. एकेचाळीस गोल! आज त्यातला एकही दिसत नव्हता. वरून खालपर्यंत काळा कुळकुळीत रंग, अजून ओलाच.

"कुणी मारला रे हा रंग?"

"साहेबांनी सांगितलं," रंगारी म्हणाला. "पाहुण्यांना काम पूर्ण दिसलं पाहिजे ना."

म्हणजे काम पूर्ण होण्याशी कुणाला देणंघेणं नाही, दिसलं की झालं! सहा महिने हेच चाललं होतं. पत्रे उशिरा आले, मग रिव्हेट घाईत मारले, आणि पहिल्या फेरीची तारीख मात्र दगडावर कोरलेली. शी! ठोकेमास्तरला तिथेच थुंकावंसं वाटलं.

साहेब खाली आले ते अत्तराचा भपकारा घेऊन. कागद पुढे करत म्हणाले, "मास्तर, सही करा. दुपारी पाहुणे येतील, बोट बंदराला एक फेरी मारेल."

"एकेचाळीस रिव्हेट ढिले आहेत, साहेब. वाफ भरली की फुटेल हे."

"दाखवा बरं कुठले?"

आता काय दाखवणार कपाळ? कारखान्याचा जुना रिवाज असा, की बॉयलर तपासून जो सही करील, त्याने पहिल्या फेरीत बॉयलरशेजारीच उभं राहायचं. ठोकेमास्तर आजवर नऊ बॉयलरांशेजारी उभा राहिला होता. त्याने कागद परत केला.

साहेबांनी जराही वेळ न दवडता तो भट्टीवाल्यापुढे धरला. भट्टीवाला म्हणजे मास्तरचा सख्खा धाकटा भाऊ. "तू कर. नाहीतरी भट्टीपाशी तूच असणार. फेरी झाली की तुझी नोकरी कायम."

माणूस इतका निर्लज्ज असू शकतो? त्याहून वाईट म्हणजे धाकट्याने टाक हातात घेतला.

"दादा, तू उगाच बाऊ करतोस. चार रिव्हेट ढिले असले म्हणून काय आभाळ कोसळतंय?"

"अरे गाढवा, आईने तुला माझ्या भरवशावर इथे पाठवलंय!"

मास्तरने खरवडणी उचलली आणि त्या ओल्या रंगावर खसाखसा चालवली. साहेब ओरडले, त्यांच्या पांढऱ्या कोटावर काळे शिंतोडे उडाले, तरी हा थांबेना. रिव्हेट उघडा पडल्यावर त्याने धाकट्याचा हात धरला, त्याचं बोट रिव्हेटच्या एका कडेला टेकवलं आणि दुसऱ्या कडेवर हातोडी मारली.

रिव्हेट बोटाखाली हलला. धाकट्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"हे असे एकेचाळीस," मास्तर म्हणाला.

धाकट्याने टाक साहेबांच्या कोटाच्या खिशात खोचला. मागे उभे असलेले चौघे भट्टीवाले एकेक करून पुढे आले. प्रत्येकाने त्या रिव्हेटवर बोट ठेवलं, मास्तरने प्रत्येकासाठी हातोडी मारली, आणि प्रत्येक जण शिडी चढून निघून गेला. भट्टी पेटवायला कुणी उरलं नाही.

"निदान हे खरवडलेलं तरी रंगवून जा रे!" साहेब ओरडत होते. "पाहुणे येतील!"

पाहुण्यांना सांगितलं गेलं, हवा बरी नाही. हवा कशी, तर लख्ख ऊन! सगळा रंग खरवडून एकेचाळीस रिव्हेट बदलायला अकरा दिवस लागले.

बाराव्या दिवशी ठोकेमास्तरने पुन्हा प्रत्येक रिव्हेट ठोकला, सही केली आणि रिवाजाप्रमाणे बॉयलरशेजारी जाऊन उभा राहिला. समोर भिंतीवर साहेबांनी सुबक अक्षरात एक पाटी लावली होती. धाकट्याला सहीपुरतीच अक्षरं येत होती, वाचता येत नव्हतं.

"दादा, काय लिहिलंय?"

"या बोटीपासून शिकलेले धडे. पहिला, रंग तपासणीनंतर लावावा. दुसरा, पाहुण्यांना तारीख आधी सांगू नये."

"आणि मी मेलो असतो, ते?"

मास्तरने पाटी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली.

"ते नाही लिहिलेलं," तो म्हणाला. "पेटव भट्टी. मी आहे इथे."