साहेबांचा लांब शब्द

बोईसरच्या एमआयडीसीत आमचा रंगाचा कारखाना होता आणि कारखान्याला दिनानाथ चुरी नावाचे मॅनेजर होते. चुरीसाहेबांची नोटीस इंग्रजीत असे आणि प्रत्येक नोटिशीत 'इररिगार्डलेस' हा शब्द असे. हुद्दा कुठलाही असो, इररिगार्डलेस, हेल्मेट घाला. पाऊस असो नसो, इररिगार्डलेस, आठला हजर राहा.

चौऱ्याऐंशी साली जवळच्याच माहीम गावची सुलू राऊत टायपिस्ट म्हणून लागली. सहा महिन्यांच्या प्रोबेशनचा शेवटचा आठवडा उरला होता. पत्र मिळालं तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा घरच्या मळ्यात विड्याची पानं खुडायला.

"आत्मारामकाका, असा शब्दच नाही," ती हेडक्लार्कला म्हणाली. "रिगार्डलेसच्या शेपटीला 'लेस' आहेच. पुढे आणखी 'इर' म्हणजे बिनदिक्कतला बिनबिनदिक्कत म्हणण्यासारखं!"

"बाय माझी, साहेबांचं टाइप करायचं असतं, तपासायचं नसतं. निदान या आठवड्यात तरी."

बुधवारी नोटीस आली: उद्या टाक्या धुणार, कायम असो वा हंगामी, सर्व कामगारांना सुट्टी. सुलूने स्वच्छ 'रिगार्डलेस' टाइप केलं. साहेबांनी न वाचता सही केली. स्वतःच्या लिखाणात काय वाचायचं? ती घरी गेल्यावर नोटीस फळ्यावर लागली.

गुरुवारी आठला वाणगाव-बेटेगावपासूनची दीडशे माणसं डबे घेऊन गेटवर हजर! आत टाक्या रिकाम्या.

साहेब कडाडले, "सुट्टीची नोटीस वाचली नाही?"

"वाचली ना सायेब," वॉचमन मंगळ्या म्हणाला. त्याने खिशातून घडी काढली. "खोटी हाय. मीच काढून ठेवली."

"खोटी? माझी सही आहे!"

"सही शिमग्याच्या नोटिशीवर पन होती. तुमच्यापेक्षा बरी होती."

शिमग्यात कुणीतरी साहेबांच्या नावाने सुट्टीची नोटीस लावली होती. कारखाना ओस पडला आणि शिव्या मंगळ्याने खाल्ल्या. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या खोट्या नोटिशीत नसलेल्या साहेबांच्या लांब शब्दाचं चित्र त्याने तेव्हापासून पाठ केलं होतं.

"तुमचा तो मुंग्यांच्या रांगेसारखा सबूद कुठं हाय त्यात? तो नाय तर सुट्टी नाय. आमी काल सगळ्यांना तेच सांगितलं."

साहेबांनी सुलूला केबिनमध्ये बोलावलं. तिने डिक्शनरीचं पान पुढे केलं. साहेबांनी चष्मा पुसून पान वाचलं. पुन्हा चष्मा पुसला.

"कुठे छापलंय हे?"

"विलायतेत, सर."

"तरीच. त्यांना बोईसरचा काय अनुभव!" साहेब खिडकीतून गेटकडे बघत राहिले. तिथे दीडशे माणसं, आता आलोच आहोत तर, म्हणून डबे उघडून बसली होती. साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "डिक्टेशन घ्या. झालेल्या चुकीचा विचार न करता, इररिगार्डलेस, मिस राऊत यांना आजपासून कायम करण्यात येत आहे."

चूक कोणाची, ते साहेबांनी सांगितलं नाही. सुलूची पेन्सिल क्षणभर अडली. मग तिने तो शब्द टाइप केला, एकही अक्षर न गाळता, चांगला ठोकून.

संध्याकाळी गेटवर मंगळ्याने पत्र हातात घेतलं. सहीकडे बघितलंही नाही. मुंग्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं.

"हां सुलूबाय," तो म्हणाला, "ही खरी."