बी बोलली की उतरवायची

दादाच्या लेखी विकतची कॉफीपूड म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास. तो कच्च्या हिरव्या बिया आणायचा आणि रविवारी सकाळी जाड बुडाच्या कढईत स्वतः भाजायचा. घड्याळ बघायचं नाही, रंगाला भुलायचं नाही. बी पुरती तापली की तडतडते. दादा त्याला 'बी बोलली' म्हणायचा. बोलली की उतरवायची. पुढे रेंगाळलात तर कोळसा.

कान हेच त्याचं भांडवल होतं. दोघा भावांच्या गॅरेजात गाडी आली की दादा बॉनेटपाशी मान तिरकी करून उभा राहायचा आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचा. गिऱ्हाईक त्या कानांसाठी यायचं. धाकटा बिलं करायचा, फोन घ्यायचा आणि 'दादाचा भाऊ' म्हणून ओळखला जायचा. एवढी एक गोष्ट सोडली तर त्याची आयुष्याबद्दल तक्रार नव्हती. पण माणूस नासायला एवढी एक पुरते.

गेल्या वर्षी कॉफी काळी होऊ लागली. दादा म्हणायचा, वय वाढलं की जीभ कडू मागते. पाहुणे माना डोलवायचे आणि अर्धा कप कुंडीत ओतायचे. खरं कारण वहिनीला कळलं ते वेगळ्याच वाटेने. साध्या पडद्याच्या रंगालाही कधी हो न म्हटलेला नवरा तिच्या प्रत्येक बोलण्यावर "चालेल की" म्हणू लागला होता. असं झालं की बायको आधी सुखावते, मग घाबरते. तिने डॉक्टरांचं नाव काढलं, तर दादाने ताट सरकवलं. कानाला यंत्र लावलेल्या मेकॅनिककडे गाडी कोण आणील?

मग तिने गुपचूप तोड काढली. बी तडतडली की ती त्याच्या कोपराला हात लावायची आणि तो कढई उतरवायचा. कॉफी पुन्हा जमू लागली. त्यावर दोघं कधी एक अक्षर बोलली नाहीत. गॅरेजात मात्र कोपराला हात लावणारं कोणी नव्हतं. तिथे दादा बॉनेटवर तळहात टेकवून अंदाज बांधायचा, आणि दुरुस्त झालेल्या गाड्या तेच दुखणं घेऊन परत यायच्या.

एका रविवारी धाकटा न सांगता आला. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून त्याने बघितलं: बी तडतडली, वहिनीचा हात गेला, कढई उतरली. हिशेबी माणसाला एवढी बेरीज पुरली.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. दादा पाठमोरा ढवळत होता. खाऊची पिशवी गाडीतच राहिली, गुडघा धरलाय, असं सांगून त्याने वहिनीला खाली पिटाळलं. ती परतली तेव्हा कढईतून धूर निघत होता. बिया कधीच बोलून गप्प झाल्या होत्या. धाकटा दादाच्या पाठीशी उभा राहून, झोपलेल्या पोराजवळ बोलावं तशा आवाजात बोलत होता.

"दादा, उद्यापासून गाड्या नवा माणूस बघेल. तू घरी आराम कर. चालेल ना?"

मग त्याने खांद्यावर हात ठेवला. दादा वळला, हसला. "चालेल की."

"वहिनी, ऐकलंत ना? तुमच्यासमोर हो म्हणाला."

वहिनी पिशवी धरून उभी राहिली. खोटं आहे म्हणावं, तर नवऱ्याच्या तोंडावर, त्याच्या भावासमोर, हे बहिरे झालेत असं म्हणावं लागणार होतं. धाकट्याने ते आधीच जोखलं होतं. साक्षीला ती हवी होती ती त्यासाठीच.

"साखर किती घालू, भावोजी?" तिने विचारलं.

धाकटा तो कोळशाचा काढा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि झकास झालाय म्हणाला, या वेळी मोठ्याने.

सोमवारी दादा गॅरेजात गेला आणि जेवायच्या वेळेआधीच परत आला. बूट न काढता खुर्चीत बसला. धाकट्याने चार माणसांत सांगितलं होतं, काल तूच कबूल झालास, वहिनीला विचार.

"मी हो म्हणालो होतो?"

ती त्याच्यासमोर बसली, ओठ नीट दिसावेत अशी.

"म्हणालात."

दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिला काय काय ठाऊक आहे, ते त्याने त्या वेळी मोजलं असावं.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "दिलेला शब्द मागे घेऊ नये."