ह्यूस्टनची वर्गणी

गजेंद्र वर्गणी मागायला उभा राहिला की कतारमधल्या अल खोरच्या मराठी घरांतून कुणी नाही म्हणत नसे. गणपती असो, कोजागरी असो, की कुणाचं पार्थिव गावी पाठवायचं असो. तो हसत मागायचा आणि माणसं हसत द्यायची. त्या शुक्रवारी त्याच्या घरी गणपतीच्या तयारीची बैठक होती. साबुदाणा वडे संपले, मूर्ती कुणी आणायची ते ठरलं, वर्गणीही जमली. मग गजेंद्रनं त्याच दमात दुसरी वर्गणी काढली.

"आता ह्यूस्टनचा गणपती!"

सगळे हसले. नयना हसली नाही.

ती आणि गजेंद्र एकाच अमेरिकन कंपनीच्या रास लफानमधल्या प्लांटवर होते. तो विभागप्रमुख, ती त्याच्या हाताखाली वायूचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये. पूर्वी दोघंही ह्यूस्टनला होते आणि तिथेच दोघांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं. कंपनीचा एक राजकीय निधी होता. अधिकारी त्यात आपल्या खिशातून पैसे घालत आणि तिथून ते उमेदवारांच्या प्रचाराला जात. नयनालाही त्याची मेल आली होती. 'ऐच्छिक' असं तीत ठळक लिहिलं होतं. ऐच्छिक आहे म्हणून तिनं ती पुसून टाकली होती.

पण तिचा करार या महिनाअखेर संपत होता आणि नूतनीकरणाचा कागद गजेंद्रच्या सहीसाठी थांबला होता. करार गेला की राहण्याचा परवाना गेला. लेक इरा नुकतीच बारावीत गेली होती.

"तिकडे निवडणूक आलीय," गजेंद्र सांगत होता. "आपल्या धंद्याचं बघणारी माणसं निवडून आली तर प्लांट वाढेल. प्लांट वाढला तर आपण इथे. यल्ला, चला, काढा पाकिटं."

"सर, माझा पासपोर्ट तर भारताचाच आहे," सुशांत म्हणाला. नाशिकचा हा इंजिनिअर गेल्याच वर्षी रुजू झाला होता.

"अरे, गणपती कधी पासपोर्ट विचारतो का? तू माझ्याकडे दे, मी माझ्या नावानं भरतो. बोनसमधून तुला परत मिळतील."

सुशांतनं पाकीट काढलंसुद्धा.

"सुशांत, ते आत ठेव," नयना म्हणाली.

गजेंद्र वळला. "का हो ताई? तिकडचं सुप्रीम कोर्टच म्हणतं, निवडणुकीत पैसा घालणं म्हणजे बोलणं. बोलायला कुणाला बंदी आहे का?"

"उमेदवारापासून वेगळं राहून कंपन्यांनी केलेला खर्च रोखता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. मला ते पटलेलं नाही. ज्याचा खिसा मोठा त्याचा आवाज मोठा, असा त्याचा अर्थ होतो. पण निकाल आहे, मान्य. त्याच कोर्टानं परदेशी नागरिकांवरची बंदीही कायम ठेवलीय. सुशांतकडून एक रियाल घेतलात तरी कायदा मोडतो. तोच पैसा स्वतःच्या नावानं भरलात, तर पुन्हा मोडतो."

"तुम्ही केमिस्ट की वकील?"

"नागरिक. शपथ घेताना तुम्ही माझ्याच रांगेत होता, गजेंद्रराव. पेढेही तुम्हीच वाटले होते."

हशा पिकला. गजेंद्रही हसला, पण चहाचं निमित्त करून तो तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला. त्याची बायको संजीवनी तिथे आलं किसत होती.

"घरच्यासारखं सांगतो," त्यानं आवाज उतरवला. "रक्कम काय, एका जेवणाचे पैसे. पण ह्यूस्टनला नावं कळतात. आपला कोण, ते कळतं. तुमच्या कागदावर सही मला करायचीय. इराचं वर्षही महत्त्वाचं आहे ना?"

देऊन टाकावं आणि मोकळं व्हावं, असं नयनाला क्षणभर खरंच वाटलं. कुणाला कळणार होतं? पण इराचं नाव त्यानं घेतलं होतं, आणि ते दबक्या आवाजात घेतलं होतं.

"हे बाहेर मोठ्यानं बोलाल?"

"तमाशा कशाला, ताई?"

"मग मी बोलते."

संजीवनीचा हात किसणीवरच थांबला.

नयना बाहेर आली. चारचौघांत आवाज चढवायची तिला सवय नव्हती. तिनं तो चढवलाही नाही.

"गजेंद्ररावांनी आत्ता मला सांगितलं, की ही वर्गणी दिली नाही तर माझ्या करारावरची सही अवघड आहे. म्हणून सगळ्यांसमोर सांगते. गणपतीची वर्गणी दिली, मोदकही करीन. ही देणार नाही. पैसा देणं म्हणजे बोलणं असेल, तर न देणं हेही बोलणंच आहे. आणि गजेंद्रराव, सही करणार नसाल तर कारण लेखी द्या."

मागच्या कोचावरच्या एकानं नोटा मुकाट्यानं परत खिशात घातल्या.

घरी तिनं इराला सगळं सांगितलं. "सो, वी माइट हॅव टू लीव्ह?" इरानं विचारलं. "कदाचित," नयना म्हणाली. इरानं समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "डोन्ट पे, आई."

रविवारी कागद परत आला, तो सहीशिवाय. कारणाची जागा कोरी होती. नयना तो घेऊन गजेंद्रच्या केबिनमध्ये गेली.

"वरून काही आलं नाही अजून," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"ठीक. मग कारण मी लिहिते."

लॅबमध्ये बसून तिनं ह्यूस्टनच्या तक्रार विभागाला मेल लिहिली: काय मागितलं, कुणाकडे मागितलं, स्वयंपाकघरात काय सांगितलं. एकही विशेषण घातलं नाही. पाठवणार एवढ्यात दारात सुशांत आला.

"ताई, तक्रार करताय ना? साक्षीदार म्हणून माझं नाव घाला."

"वेडा आहेस का? तुझी नोकरी तर अजून नवी आहे."

"म्हणूनच. पाकीट मी काढलं होतं ना? रिकामं व्हायच्या आत तुम्ही ते आत ठेवायला लावलंत. आता निदान तोंड तरी उघडू द्या."

"घरी विचार."

"विचारलंय. आई म्हणाली, नाव पूर्ण लिही, वडिलांचंही."

नयनानं त्याचं पूर्ण नाव लिहिलं, प्रतीसाठी गजेंद्रचाही पत्ता घातला आणि सुशांतसमोरच मेल पाठवून दिली.