दारासमोरचा माइक

बायकोनं मिठाचं कोमट पाणी बेसिनजवळ ठेवलं, आणि भोंगेकाकांनी पेला उचलून ते सरळ ओतून दिलं.

"आता कुणासाठी गुळण्या करू?" ते म्हणाले.

कालच निकाल लागले होते. काकांचा पक्ष देशभर असा आपटला होता, की कार्यालयातल्या खुर्च्या आवरायलाही कुणी थांबलं नव्हतं. काका काही पुढारी नव्हते. एरवी ते गोदामात मालाची चढउतार बघत. निवडणूक आली की टेम्पोत चालकाशेजारी बसायचं आणि माइकवरून गल्लोगल्ली प्रचार करायचा, एवढंच त्यांचं काम. पण पंचवीस वर्षं वस्तीत कुणी "तो आवाज" म्हटलं, की तो त्यांचाच. पोरं त्यांची नक्कल करत, आणि काका वरवर रागावून आतून फुगत.

पराभव त्यांनी आधीही पचवले होते. हारजीत चालायचीच, असं ते स्वतःच इतरांना सांगत. या खेपेला घास घशाखाली उतरत नव्हता, त्याला कारण होता मेहुणा. बायकोचा हा धाकटा भाऊ बेकार हिंडत होता, तेव्हा काकांनीच त्याला गाडीत घेतलं. माइक ओठांपासून चार बोटं लांब धर. वळणावर थांब, भिंतींना आपलं म्हणणं पुरं करू दे, मग पुढचं बोल. दवाखान्यासमोर माइक बंद. कुणाच्या घरी माणूस गेलेलं असेल, तर त्या दारासमोरही बंद. एक वेळ मत गेलं तरी चालेल, रीत जाता कामा नये. मेहुणा सगळं शिकला आणि या निवडणुकीत समोरच्या पक्षाच्या गाडीत जाऊन बसला. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

आणि वर जिंकलाही. म्हणजे जिंकला तो पक्ष. पण काकांच्या लेखी मेहुणाच. आज दुपारी विजयाची मिरवणूक याच रस्त्यानं जाणार होती, आणि पुढच्या गाडीत तोच असणार होता.

"खिडकी लावून घे," काका म्हणाले.

"उकडतंय."

"भावाचं कौतुक ऐकायचंय, असं सरळ सांग की."

"ऐकायचंय," ती म्हणाली. "लहानपणी बोलताना अडखळायचा तो. मी नाही ऐकायचं तर कुणी? तुमचाही आवाज इतकी वर्षं ऐकलाच ना? त्यात कधी पक्ष बघितला नाही मी."

यावर काका चहा थंड झाल्यावरून चिडले. खरं तर त्यांना हेवा वाटत होता, पोटात आग पडावी असा हेवा. मेहुण्याच्या वयाचा, त्याच्या धडधाकट गळ्याचा, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे आज त्याला बोलायला मिळणार होतं याचा. हा पठ्ठ्या दारासमोर आला की मुद्दाम जोर लावणार, एखादा टोमणा मारणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मग आपण त्याचं तोंड बघायचं नाही. या विचारानं त्यांना जरा बरं वाटत होतं.

आधी ढोल ऐकू आले, मग आवाज. कोपऱ्यावरच्या वळणाला तो थांबला. भिंतींनी शब्द परत दिले आणि मगच पुढचं वाक्य आलं. चूक शोधायला काका कान टवकारून बसले होते, आणि चूक काही सापडेना.

गाडी शेजारच्या घरासमोर आली. आता मारतो बघ, काका मनात म्हणाले. तेवढ्यात खट् झालं आणि माइक बंद झाला. ढोलवाल्यांनाही कुणीतरी हातानं थांबवलं. नुसती इंजिनाची घरघर करत गाडी त्यांच्या दारासमोर सरकू लागली.

बायकोनं डोळे पुसले. "बघा, मान राखला तुमचा."

मान कसला? माइक कुठल्या दारासमोर बंद करायचा, हे काकांनीच शिकवलं होतं, आणि हे घर काही दवाखाना नव्हतं. टोमणा परवडला असता. ही दया त्यांना झोंबली. ते तसेच अनवाणी रस्त्यावर गेले आणि त्यांनी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. गाडी थांबली. मेहुण्यानं मान खाली घातली.

"माइक का बंद केलास?"

"दाजी, मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल."

"इथे कुणी गेलेलं नाही. बोल."

"तुमच्या दारात कसं बोलू?"

"चार बोटं लांब धरून," काका म्हणाले. "बोल म्हणतो ना."

मेहुण्यानं माइक उचलला. पहिले दोन शब्द अडखळले, मग आवाज लागला. आपल्याच दारात उभं राहून काकांनी आपल्या पक्षाचा पराभव शब्दन्‌शब्द ऐकला. आवाज चांगला होता. आतली आग काही विझली नाही, पण ते जागचे हलले नाहीत. गाडी पुढच्या वळणाला थांबली, भिंतींचं बोलून झालं, तेव्हा ते घरात आले.

"संध्याकाळपर्यंत घसा बसेल त्याचा," ते बायकोला म्हणाले. "मिठाचं पाणी पाठव."

मग बेसिनजवळचा रिकामा पेला उचलून त्यांनी तिच्या हातात दिला.

"आणि मलाही दे."