थांबाबाईचं चिलखत

प्लास्टरभाऊंनी सदतीस वर्षं एकाच इस्पितळात, एकाच खोलीत, एकाच बादलीत पट्ट्या बुडवून लोकांची हाडं बांधली. त्यांच्या हातच्या प्लास्टरची ख्याती मोठी. एक गवंडी हात मोडून आला, भाऊंनी बांधून दिला, आणि तो गडी आठव्या दिवशी त्याच परांचीवरून पुन्हा पडला, नेमका त्याच हातावर. गवंड्याला खरचटलंही नाही. फूटपाथच्या मात्र तीन फरश्या गेल्या. खोटं वाटत असेल तर जाऊन बघावं, तिथे अजून खड्डा आहे.

अशा माणसाला निवृत्तीच्या दिवशी लोकांनी खुर्चीत बसवलं, मांडीवर फुलांचा गुच्छ ठेवला, प्लास्टर कापायची त्यांचीच जुनी कात्री रंगीत कागदात गुंडाळून भेट दिली आणि भाषणं सुरू केली. तिसऱ्या भाषणात भाऊंना डुलकी लागली. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. भाऊ घरी आले, जेवले, चालते-फिरते राहिले, पण खरं विचाराल तर त्या खुर्चीतून ते उठलेच नव्हते. सकाळी पेपर उघडायचा, दुपारी तोच मिटायचा. दोन्ही अंगठे ठणकायचे. मोरीतला नळ दीड वर्ष टपकत होता. चकती आणून ठेवलेली होती, बसवायची राहिली होती, आणि नळाखाली ठेवली होती तीच इस्पितळातली बादली.

त्यांची बायको मात्र रोज कामावर जायची. मोठ्या रस्त्यावर शाळेसमोर लाल पाटी घेऊन उभं राहायचं, गाड्या थांबवायच्या आणि पोरांना पलीकडे पोचवायचं, ही तिची नोकरी. बावीस वर्षं ती एकच शब्द मोठ्याने बोलत आली होती, म्हणून अख्ख्या शाळेने तिचं नाव थांबाबाई पाडलं. आवाज असा, की एकदा घरात तिने दुधाला "थांब" म्हटलं आणि उतू चाललेलं दूध खाली बसलं. भाऊंनी स्वतः पाहिलंय. गॅस त्यांनीच बंद केला असेल, पण ते आता कोण कबूल करणार.

एका संध्याकाळी बाई घरी आल्या, चप्पल काढायला वाकल्या आणि तशाच अर्ध्यात भिंत धरून राहिल्या.

"गुडघे?" भाऊंनी पेपराआडून विचारलं.

"गुडघे कसले, गुडघ्यांची आठवण राहिलीय नुसती." बाई हळूहळू खाटेवर टेकल्या. "आमचे ट्रॅफिकचे साहेब आले होते आज. मी परवा रस्त्याच्या मधोमध खांब धरून उभी राहिले ना, ते कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. म्हणाले, पुढच्या शनिवारी तुमचा शेवटचा दिवस, तर त्या दिवशी तुम्ही फूटपाथवर खुर्चीत बसा. पाटी नवा माणूस धरेल. गुच्छसुद्धा सांगून ठेवलाय म्हणे."

"बरंच आहे की."

"बरं काय त्यात? बावीस वर्षं उभी राहिले आणि शेवटच्या दिवशी बसून राहू?" बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्यासारखी?"

भाऊंनी पेपर खाली केला. बाई रागाने बोलल्या नव्हत्या. रागवायला लागतो तेवढा जीवच अंगात नव्हता त्यांच्या.

"मला शेवटची घंटा होईपर्यंत उभं राहायचंय," त्या म्हणाल्या. "एवढंच. मग कायमची बसेन, हवं तर आडवी होईन."

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. शनिवारी शाळेत वेशभूषेचा दिवस होता आणि दुसरीच्या वर्गाने ठराव केला होता, की थांबाबाईंनी सुपरहिरो होऊन यायचं. कसं दिसायचं तेही काढून दिलं होतं: छातीला, खांद्यांना, हातांना, पायांना चकचकीत रुपेरी चिलखत, हातात लाल पाटी, आणि पायाखाली मुंगीएवढ्या गाड्या.

"यांना कोण सांगणार," बाई म्हणाल्या, "की सुपरहिरोला तेल लावून शेकावं लागतं."

भाऊंनी कागद हातात घेतला. डॉक्टरची चिठ्ठी बघायची सवय, त्यामुळे चित्रातही त्यांना आधी कुठपासून कुठपर्यंत तेवढंच दिसलं. उजवा हात, खांद्यापासून मनगट. दोन्ही पाय, मांडीपासून घोट्याच्या वर. मग उठले, मोरीत गेले आणि नळाखालची बादली रिकामी केली.

रविवारी घरात इस्पितळाचा वास पसरला. बाईंना खिडकीशी उभं करून भाऊंनी कापूस गुंडाळला. पट्टी पाण्यात बुडवायची, बुडबुडे यायचे थांबले की काढायची, हलकी पिळायची आणि फिरवत न्यायची. बोटांनी दाबायचं नाही, तळव्याने चोळायचं, नाहीतर आत खळगे पडतात आणि कातडीला टोचतात. चार पट्ट्या झाल्यावर अंगठे बोंबलायला लागले. भाऊ मधूनमधून बादलीत हात सोडून बसायचे, पुन्हा उठायचे. आधी पाय, मग छाती, मग हात. प्रत्येक तुकडा झाला की सवयीने तोंडातून निघायचं, "बोटं हलवा बघू." बाई बोटं हलवायच्या.

"बायकोला अहोजाहो करताय," त्या म्हणाल्या.

"सगळ्या पेशंटना करतो."

प्लास्टर आळल्यावर भाऊंनी तुकडे ओले असतानाच सुरीने कडेने कापून शिंपल्यासारखे उघडले, पट्टे लावायला भोकं पाडली आणि वाळायला ठेवले. ओलं प्लास्टर वाळायला दोन-तीन दिवस घेतंच, त्याला घाई चालत नाही. बुधवारपर्यंत घरात बसायला जागा नव्हती. एका खुर्चीवर छाती, दुसऱ्या खुर्चीवर दोन पाय, आणि भाऊ-बाई खाली जमिनीवर जेवत.

गुरुवारी बाईंचा धाकटा भाऊ रुपेरी रंगाचा डबा घेऊन आला. त्याचा टेम्पो होता, लोकांची कपाटं आणि पलंग पोचवायचा. त्याने दारातूनच सगळा पसारा पाहिला.

"भाऊजी, ताईला नेमकं कुठे पाठवताय? लढाईला की ऑपरेशनला?"

"तू रंग लाव. तोंड नको लावू."

रंग लागला, पट्टे आले, आणि दुपारी बाईंना चिलखत चढवलं. लांबून बघाल तर दृष्ट लागावी. जवळून बघाल तर बाईंच्या कपाळाला आठ्या.

"अहो, हे काय आहे?"

"कोपर."

"हे वळत नाही."

"वळेल कसं? ते वळू नये म्हणूनच तर..." भाऊ बोलता बोलता थांबले.

सदतीस वर्षांत हलेल अशी वस्तू त्यांच्याकडे कुणी मागितलीच नव्हती. हात समोर आला, की कोपर काटकोनात, मनगट किंचित वर, आणि सांध्याच्या वरून पट्टी. त्यांनी सवयीने बायकोचा एकूण एक सांधा पक्का करून टाकला होता. पाटी द्यायला गेले तर ती बाईंच्या छातीसमोर आडवी, ट्रेसारखी.

"छान," मेहुणा म्हणाला. "ताई गाड्या थांबवेल आणि ड्रायव्हरांना चहा देईल."

भाऊ मटकन खाली बसले. अंगातलं उरलंसुरलं बळ त्या एका कोपरात संपल्यासारखं वाटलं त्यांना. पुन्हा पट्ट्या, पुन्हा बादली, पुन्हा तीन दिवस वाळवणं. आणि शनिवार तर परवावर आलेला. नाहीतर काय, खुर्ची होतीच तयार.

"कापा की," बाई म्हणाल्या.

"वाळलेलं प्लास्टर सहा आठवड्यांच्या आत मी कधी कापलेलं नाही."

"माझा हात मोडलेला नाहीये हो."

भाऊंनी रंगीत कागदातली कात्री काढली. दीड वर्षात पहिल्यांदाच. कोपराच्या वर आणि खाली, बोटभर बोटभर कापत गेले. प्लास्टर तर त्यांचंच, ते सहजी कसं हार मानणार. कात्रीचा दात गेला असं मेहुणा सांगतो. अर्ध्या तासाने कोपराचा तुकडा सुटून आला आणि बाईंनी पाटी वर केली, सरळ, छतापर्यंत. छतावरची पाल जागच्या जागी थांबली.

"आता गुडघे," भाऊ म्हणाले आणि घाम पुसत खाली वाकले.

"थांबा."

भाऊ थांबले. त्या आवाजाला सगळेच थांबायचे.

बाईंनी वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं, परत पहिल्यावर घेतलं. डोळे मिटले. मग म्हणाल्या, "अहो, दुखत नाहीये."

भाऊंना कळायला एक क्षण लागला. प्लास्टरने गुडघे घट्ट धरून ठेवले होते. मांडीचा भार नडगीवर जात होता तो बाहेरच्या बाहेर.

"हे असंच राहू द्या," बाई म्हणाल्या.

"अगं, पण बसता येणार नाही."

"तेच म्हणतेय मी."

भाऊंनी कात्री खाली ठेवली.

शनिवारी बाईंना टेम्पोत उभं करून नेलं. वाकत नसल्यामुळे मेहुण्याने त्यांना कपाटाच्या दोरीने टेम्पोच्या कठड्याला बांधलं आणि वर विचारलं, "ताई, आरसा बाहेरच्या बाजूला ठेवू की आतल्या?" भाऊ शेजारी उभे होते. पिशवीत कात्री, न जाणो.

शाळेच्या फाटकाशी पोरांचा जो कल्लोळ झाला तो विचारू नका. बाई कंपासपेटीतल्या कर्कटकासारख्या एकेक पाय फेकत रस्त्याच्या मधोमध गेल्या, पाटी वर केली आणि म्हणाल्या, "थांबा." गाड्या थांबल्या. सायकली थांबल्या. पलीकडच्या बांधकामावरची क्रेनसुद्धा थांबली असं मेहुणा सांगतो. त्याच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, तरी उरलेली निम्मी क्रेन थांबलीच.

शाळा भरल्यावर साहेब आले. मागे पाटीवर डोळा ठेवून असलेला नवा माणूस, त्याच्या हातात खुर्ची. भाऊ समोरच्या फूटपाथवर भिंतीला टेकले होते. खुर्ची दिसली तसे ते भिंतीपासून सरळ झाले. तीच होती की काय कोण जाणे. सगळ्या निरोपाच्या खुर्च्या सारख्याच दिसतात.

"बाई, झालं कौतुक," साहेब म्हणाले. "आता बसा बघू. सुटायच्या वेळी हा बघेल."

"बसले असते हो साहेब," बाई अदबीने म्हणाल्या, "पण हे वाकत नाही."

"वाकत नाही म्हणजे?"

"तुम्हीच बघा."

साहेबांनी खुर्ची मागे लावली. बाई मागे कलल्या, तशाच सरळ, दारासारख्या. साहेबांनी आणि नव्या माणसाने धावत त्यांना धरलं आणि पुन्हा उभं केलं. दुसऱ्यांदा तिरकं करून पाहिलं. तिसऱ्यांदा साहेबांच्या कमरेत उसण भरली.

"हे कुणी केलंय?" साहेब कण्हत म्हणाले.

बाईंनी पाटीने पलीकडे दाखवलं. भाऊंनी हात वर केला.

"काढून टाका ते."

"सहा आठवडे काढता येत नाही," भाऊ रस्त्यापलीकडून म्हणाले. हे वाक्य त्यांनी हजार वेळा म्हटलं होतं, खोटं असं पहिल्यांदाच.

साहेब कमरेवर हात ठेवून स्वतःच हळूच खुर्चीत बसले. गुच्छ कुठे ठेवायचा ते न कळल्यामुळे मांडीवर घेतला. ऊन चढलं तशी त्यांना डुलकी लागली.

बाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या. एक तास, दोन तास. चेहरा पांढरा पडला, ओठ सुकले. भाऊ दोनदा पाणी घेऊन गेले.

"बोटं हलव बघू."

बाईंनी हलवली.

"पुरे कर आता," भाऊ हळूच म्हणाले.

"अजून घंटा व्हायचीय."

घंटा झाली. फाटक उघडलं. बाई खांबापासून सुटल्या, मधोमध गेल्या, आणि शेवटचं पोर पलीकडच्या फूटपाथवर पोचेपर्यंत पाटी खाली आली नाही. मग त्यांनी पाटी नव्या माणसाच्या हातात दिली. "दांडा जरा ढिला आहे," म्हणाल्या. "खालून धर."

घरी आल्यावर भाऊंनी बाईंना भिंतीला टेकवून उभं केलं आणि कात्री घेऊन पायाशी बसले. पट्ट्यांच्या गाठी घामाने घट्ट झाल्या होत्या. एक सुटली. दुसरीला अंगठा लागेना. त्यांनी हात झटकला, पुन्हा लावला. बोटं आखडून गेली होती, कात्रीच्या कड्यांतून निघायलाही तयार नव्हती.

"राहू द्या थोडा वेळ," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "मी बरी आहे. झोपते अशीच."

भाऊ तिथेच, रुपेरी पायांना पाठ लावून जमिनीवर बसले. मोरीत नळ टपकत होता. बादली आता नळाखाली नव्हती, त्यामुळे आवाज नुसता फरशीवर येत होता. चकती बसवायला हवी, असं भाऊंच्या मनात आलं.

"अहो."

"काय?"

"तुमची बोटं हलवा बघू."

भाऊंनी हात समोर धरला आणि बघत राहिले.

"दोन हलली," ते म्हणाले.

"बाकीची उद्या," बाई म्हणाल्या, आणि उभ्या उभ्याच घोरायला लागल्या.